वेदीपुढे उभे राहावे की नाही?

वाचकाचे पत्र:

‘मी मूळची नगरची. माहेर प्रॉटेस्टंट, सासर वसईचे कॅथलिक. आमच्या बैठकीच्या खोलीत वेदी आहे. काचेच्या कपाटात येशूच्या पवित्र हृदयाचे चित्र, मारियामातेची आणि संत अंतोनीची मूर्ती, आणि खाली सासऱ्यांचा फोटो. रोज संध्याकाळी सासूबाई मेणबत्ती लावून रोजरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणतात. सगळे गुडघे टेकतात, मी मागे उभी राहते. गेल्या महिन्यात माझी आई राहायला आली होती. तिने मुलीचे धर्मशिक्षणाचे पुस्तक चाळले. त्यातल्या दहा आज्ञांत मूर्तीविषयीची आज्ञाच नाही हे पाहून ती हादरली आणि मुलीसमोरच म्हणाली, “यांनी देवाची आज्ञाच खोडली.” आता मुलगी विचारते, वसईची आजी रोज पाप करते का? शेजारच्या गणपतीचा प्रसाद घ्यायचा की नाही, हेही ती विचारू लागली आहे. यजमान म्हणतात, लक्ष देऊ नकोस. पण या आज्ञेचा खरा अर्थ काय आणि माझे काही चुकते आहे का, हे मला समजून घ्यायचे आहे.’

उत्तर:

प्रिय भगिनी,

तुमच्या पत्रातला सर्वांत निकडीचा प्रश्न मुलीचा आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. वसईची आजी रोज पाप करते अशी शंका तिच्या मनात असेल, तर ती आजच दूर करा. मात्र ती दूर करताना नगरची आजी उगाच काहीतरी बोलते, असेही तिच्या मनात भरवू नका. दोन्ही आज्या एकाच देवाची भक्ती करतात. त्याची ही एक आज्ञा कशी पाळावी याबद्दल त्यांच्या मंडळ्यांत काही शतकांपासून खरा आणि गंभीर मतभेद आहे. तो झाकून ठेवून घरात शांतता राखण्यापेक्षा तो नीट समजून घेऊन एका छपराखाली राहणे मला अधिक प्रामाणिकपणाचे वाटते. यजमानांचा ‘लक्ष देऊ नकोस’ हा सल्ला प्रेमापोटी असेल, पण मुलीने विचारलेला प्रश्न त्याने सुटत नाही.

मूर्ती करू नकोस आणि तिच्या पाया पडू नकोस, अशी ती आज्ञा आहे. ती खोडल्याच्या आरोपात तथ्य नाही. दहा आज्ञा बायबलमधील निर्गम या पुस्तकाच्या २०व्या आणि अनुवाद या पुस्तकाच्या ५व्या अध्यायात आहेत. त्या दहा आहेत असे शास्त्र सांगते, पण पहिली कोणती आणि दुसरी कोणती, असे आकडे मूळ मजकुरात घातलेले नाहीत. यहुदी परंपरेत ‘मी परमेश्वर तुझा देव आहे’ हे वचनच पहिले धरले जाते. ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन आणि सोळाव्या शतकातील सुधारक कॅल्विनच्या परंपरेतील मंडळ्या मूर्तीविषयीचे वचन स्वतंत्र दुसरी आज्ञा म्हणून मोजतात. संत ऑगस्टीनच्या मांडणीनुसार कॅथलिक ते वचन पहिल्या आज्ञेतच धरतात आणि लोभाविषयीच्या शेवटच्या वचनाच्या दोन आज्ञा करून दहाचा आकडा पुरा करतात. आईंना कदाचित ठाऊक नसेल, पण लूथरन मंडळ्याही अशीच मोजणी करतात, आणि त्या तर प्रॉटेस्टंटच आहेत. मुलांना पाठ करायला दिलेल्या यादीत प्रत्येक आज्ञेचे फक्त पहिले वाक्य येते, त्यामुळे मूर्तीविषयीचा भाग तिथे दिसत नाही. सासूबाईंचे बायबल उघडून निर्गम २० काढलात, तर तो तिथे अक्षरशः पूर्ण सापडेल. आईंना हे दाखवा, पण त्यांना हरवल्याच्या आविर्भावात दाखवू नका.

मोजणीचा प्रश्न असा सुटतो, पण अर्थाचा प्रश्न उरतो, आणि तुम्ही विचारले आहे तेही अर्थाविषयीच. ही आज्ञा मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, दास्यातून नुकत्याच सुटलेल्या लोकांना मिळाली. ज्या देशात राजालाही देव मानत होते आणि प्रत्येक दैवताला ठरलेले रूप होते, तिथून ते बाहेर पडले होते. अनुवादाच्या ४थ्या अध्यायात त्यांचा पुढारी मोशे त्यांना आठवण करून देतो की, होरेब डोंगरावर अग्नीतून परमेश्वर बोलला तेव्हा तुम्ही वाणी ऐकली, पण कोणतेही रूप पाहिले नाही. म्हणून पुरुषाची, स्त्रीची, पशूची, पक्ष्याची आकृती करून बिघडू नका, आणि सूर्य, चंद्र, तारे पाहून त्यांच्या पाया पडण्याच्या मोहात पडू नका. जो देव बोलतो, आज्ञा देतो, जाब विचारतो आणि वचन पाळतो, त्याला एखाद्या आकारात बसवले की माणूस त्याचे ऐकणे थांबवतो आणि त्याला सांभाळू लागतो, हे या आज्ञेमागचे भय आहे. सांभाळता येणारा देव हवा तिथे ठेवता येतो, हवा तेव्हा बाहेर काढता येतो, आणि तो कधीच आपल्याविरुद्ध बोलत नाही.

आकार घडवण्याची कला मात्र या आज्ञेने बंद केलेली नाही. ज्या मोशेने ही आज्ञा आणली, त्यालाच निर्गमाच्या २५व्या अध्यायात कराराच्या कोशावर, म्हणजे आज्ञांच्या पाट्या ठेवण्याच्या पेटीवर, सोन्याचे दोन करूब (पंख असलेले स्वर्गीय जीव) घडवण्याची आज्ञा होते. शलमोनाच्या मंदिरातील पाण्याचा मोठा गंगाळसागर पितळेच्या बारा बैलांच्या पाठीवर उभा होता, आणि भिंतींवर करूब, खजुरीची झाडे व उमललेली फुले कोरलेली होती. सीरियातील दुरा युरोपस येथे उत्खननात तिसऱ्या शतकातील एक सभास्थान सापडले, त्याच्या भिंती बायबलमधील प्रसंगांच्या चित्रांनी भरलेल्या होत्या. आपल्या कोकणातील बेने इस्राएली समाज एका देवाच्या उपासनेत अतिशय कडक आहे, तरी त्यांच्या कित्येक घरांत अग्निरथात बसलेल्या एलीयाहू हन्नबी या संदेष्ट्याचे चित्र भिंतीवर असते. आज्ञेत घडवणे आणि पाया पडणे ही दोन्ही क्रियापदे एकत्र आली आहेत, आणि त्यांतले दुसरे वगळून पहिले एकटेच वाचले, तर स्वतः मोशेच आज्ञाभंग करणारा ठरेल.

सोन्याच्या वासराची गोष्ट तुम्ही लहानपणी संडे स्कूलमध्ये ऐकली असेल, पण ती मोठेपणी पुन्हा वाचण्यासारखी आहे. मोशे डोंगरावरून येईना म्हणून लोक अधीर झाले. मोशेचा भाऊ अहरोन याने त्यांच्या बायकांच्या, मुलांच्या व मुलींच्या कानांतली सोन्याची कुंडले मागितली, ती वितळवून वासरू घडवले आणि त्याच्यापुढे वेदी बांधली. पुढचे वाक्य सहसा नजरेतून सुटते. अहरोनाने जाहीर केले की उद्या परमेश्वराप्रीत्यर्थ सण पाळायचा आहे. कोणा परक्या देवाचे नावही त्याने घेतले नाही. नाव परमेश्वराचे होते, रूप लोकांना हवे ते होते, आणि वेळही त्यांच्या सोयीची होती. पुढे मोशेने जाब विचारला तेव्हा अहरोन म्हणतो, मी सोने अग्नीत टाकले आणि हे वासरू बाहेर आले. स्वतःच्या हातांनी घडवलेली वस्तू आपोआप झाली असे तो भासवतो. मला हे वाक्य फार बोचते, कारण आपल्या इच्छेला देवाचे नाव दिल्यानंतर माणूस नेमके असेच बोलतो.

पुढे इस्राएलचे राज्य दुभंगल्यावर उत्तरेच्या यराबाम राजानेही बेथेल आणि दान येथे सोन्याची वासरे बसवली. त्याचे कारण १ राजे १२ मध्ये उघडपणे दिले आहे. लोक यज्ञासाठी यरुशलेमला जात राहिले, तर त्यांचे मन तिथल्या राजाकडे वळेल आणि आपले सिंहासन जाईल, ही त्याची भीती होती. देव त्याने राज्य टिकवण्यासाठी वापरला. याहून विलक्षण प्रसंग १ शमुवेल ४ मध्ये आहे. पलिष्ट्यांकडून मार खाल्ल्यावर इस्राएलच्या वडीलधाऱ्यांनी शिलोहून कराराचा कोश रणात आणवला. तो आला म्हणजे विजय आपलाच, असे समजून छावणीने एवढा जयघोष केला की भूमी दणाणली. त्या दिवशी त्यांचा पराभव झाला आणि कोशही शत्रूने नेला. तो कोश स्वतः देवाच्या आज्ञेने झाला होता. तरीही तो तावीज होऊ शकला.

आता मी मुद्दाम २ राजे १८ कडे येतो, कारण तुमच्या दोन्ही घरांना आवश्यक असलेली गोष्ट तिथे एका वचनात आहे. रानात सापांनी दंश केलेल्या लोकांसाठी मोशेने देवाच्या सांगण्यावरून पितळेचा साप करून काठीवर उभारला होता, आणि त्याच्याकडे पाहणारा वाचत असे. ही हकिकत गणनाच्या २१व्या अध्यायात आहे. तो साप पुढे शतकानुशतके जपून ठेवला गेला. ती पूर्वजांची खूण होती, मोशेच्या हातची वस्तू होती, बरे झालेल्यांची आठवण होती. इसवी सनापूर्वी आठव्या शतकाच्या अखेरीस यहूदावर, म्हणजे यरुशलेमच्या राज्यावर, हिज्कीयाचे राज्य होते, तोवर लोक त्या सापापुढे धूप जाळू लागले होते. हिज्कीयाने त्याचे तुकडे केले, आणि शास्त्र त्याची वाखाणणी करते. पण त्याच सापाचा दाखला येशूने योहानाच्या ३ऱ्या अध्यायात स्वतःसाठी दिला आहे. मोशेने रानात साप उंच केला, तसे मनुष्याच्या पुत्रालाही उंच केले जाणे अगत्याचे आहे, असे तो म्हणतो. म्हणजे पितळेचा साप देवाची देणगी होता, पुढे तो मूर्ती झाला, आणि मूर्ती होऊन मोडला गेल्यावरही त्याचा मूळ अर्थ खोटा ठरला नाही. धातू पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत तोच होता. बदलले ते त्याच्यापुढे उभ्या राहणाऱ्यांचे मन. म्हणून एखाद्या घरातील वेदी मूर्तिपूजा आहे की नाही, हे दारात उभे राहून सांगता येत नाही, असे माझे मत आहे. पण ‘आमचे मन शुद्ध आहे’ एवढे म्हणून विषय कायमचा बंद करता येतो, असेही नाही.

दोन्ही मंडळ्यांच्या इतिहासात ही ओढाताण दिसते. इसवी सन ६००च्या सुमारास मार्सेच्या सेरेनस या बिशपने लोक चित्रांची पूजा करतात म्हणून चर्चमधील चित्रे फोडली. पोप पहिला ग्रेगरी याने त्याला लिहिले की, पूजा रोखलीस हे चांगले केलेस, पण ज्यांना वाचता येत नाही ते भिंतींवरूनच शिकतात, म्हणून चित्रे फोडायला नको होती. पुढे पूर्वेकडील बायझंटाईन साम्राज्यात सम्राटांनीच प्रतिमांवर बंदी घातली आणि तो वाद शंभराहून अधिक वर्षे चालला. त्या दरम्यान ७८७मध्ये निकेया येथील परिषदेने आराधना फक्त देवाची, प्रतिमेला मात्र आदर, आणि तो आदर प्रतिमेपाशी न थांबता ती ज्याची आहे त्याच्याकडे जातो, असा निर्णय दिला. सासूबाईंची संध्याकाळची प्रार्थना या निर्णयावर उभी आहे. दिवंगत वडिलांच्या तसबिरीला हार घालणारा मुलगा तसबिरीलाच वडील समजत नाही, हे तुमच्या माहेरीही कोणी नाकारणार नाही.

सोळाव्या शतकातील प्रॉटेस्टंट सुधारकांना हा भेद व्यवहारात टिकत नाही असे दिसले. त्यांच्या अनुभवात सामान्य माणूस मूर्तीकडेच पावसाची, औषधाची आणि क्षमेची मागणी करत होता. झुरिचमध्ये झ्विंग्लीच्या प्रभावाखाली १५२४मध्ये नगरसभेच्या हुकमाने चर्चमधील मूर्ती काढल्या गेल्या, आणि कॅल्विनने तो भेद विचारपूर्वक नाकारला. मात्र विटेनबर्गमध्ये लोक मूर्तिभंजनाला प्रवृत्त झाले, तेव्हा १५२२च्या मार्चमध्ये लूथर परत आला आणि त्याने सलग प्रवचने देऊन त्यांना आवरले. मूर्ती आधी हृदयातून निघाली पाहिजे, हातोड्याने ती निघत नाही, असा त्याच्या म्हणण्याचा रोख होता. तुमच्या नगरला १८३१मध्ये जे अमेरिकन मराठी मिशन आले, ते कॅल्विनच्या परंपरेतील न्यू इंग्लंडच्या मंडळ्यांचे होते. नगरच्या चर्चमधील कोऱ्या भिंती, मध्यभागी उघडे पवित्र शास्त्र आणि आईंची ही धास्ती, हे सारे त्या वारशातून आले आहे. तो वारसा मला आदरणीय वाटतो. देवाला वस्तू होऊ न देण्याची जी काळजी त्यात आहे, ती कॅथलिक घरांनाही हवी. एखाद्या संताची मूर्ती मागणे पूर्ण होईपर्यंत उलटी ठेवणे, किंवा अमुक एका मूर्तीपाशीच प्रार्थना ऐकली जाते असे मानणे, अशा गोष्टी भाविक घरांत घडतात आणि कॅथलिक शिकवणही त्यांना मान्यता देत नाही. तुमच्या घरी तसे काही असेल, तर आईंची टीका त्या ठिकाणी रास्त आहे.

तथापि हीच आज्ञा आईंकडेही वळून पाहते. यहेज्केलाच्या १४व्या अध्यायात बाबेलच्या बंदिवासातील काही वडीलजन संदेष्ट्यापुढे येऊन बसतात. त्यांच्या हातात एकही मूर्ती नाही, तरी या माणसांनी आपल्या मूर्ती हृदयात बसवल्या आहेत, असे परमेश्वर त्याला सांगतो. प्रेषित पौल कलस्सै येथील मंडळीला लिहितो की लोभ हीच मूर्तिपूजा आहे. यिर्मया संदेष्ट्याच्या काळी तर लोक ‘परमेश्वराचे मंदिर, परमेश्वराचे मंदिर’ असा घोष करून गरिबांवर अन्याय करत होते. त्यांच्या मंदिरात कोणा दुसऱ्या देवाची मूर्ती नसती, तरी त्यांचा भरवसा दगडी इमारतीवरच होता. बँकेतील ठेव, मुलांचे परदेशातील शिक्षण, मंडळीतील पद, आपल्या पंथाची शुद्धता यांपैकी कशापुढे आपण निमूटपणे वाकतो, हा प्रश्न कोऱ्या भिंतीच्या चर्चमध्ये बसणाऱ्यालाही चुकत नाही. स्तोत्र ११५ म्हणते की मूर्तींना तोंड असून त्या बोलत नाहीत, कान असून ऐकत नाहीत, आणि त्यांच्यावर भाव ठेवणारे त्यांच्यासारखेच होतात. पैशावर भाव ठेवणारा माणूस हळूहळू कोणाचेच ऐकेनासा होतो, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे.

प्रसादाविषयी मुलीने विचारले आहे, त्यावर थोडक्यात सांगतो. इस्राएली लोक ज्या कनान देशात शिरणार होते तिथल्या वेद्या मोडून टाका अशी आज्ञा अनुवादात आहे, हे मी लपवत नाही. पण ती एका लोकसमूहाला एका भूमीपुरती दिलेली होती. तिचा आधार घेऊन पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात गोव्यात देवळे पाडली. कुशस्थळीचा मंगेश १५६०मध्ये भाविकांना नदीपलीकडे प्रियोळला न्यावा लागला, आणि १५६७मध्ये सासष्टीतील देवळे मोठ्या प्रमाणावर उद्ध्वस्त झाली. तो मला आज्ञेचा घोर अपमान वाटतो. पौल इफिसमध्ये दोन वर्षांहून अधिक काळ राहिला, आणि तरीही तिथल्या शहराच्या चिटणिसाला लोकांपुढे सांगता आले की, ही माणसे देवळे लुटणारी नाहीत आणि आपल्या देवीची निंदा करणारीही नाहीत. प्रेषितांची ही वागणूक मुलीला शिकवा. गणपतीला तिने मैत्रिणीकडे जरूर जावे. प्रसाद खावा की नाही याबाबत ख्रिस्ती कुटुंबांत एकमत नाही. पौलाने बाजारातील मांस बिनदिक्कत खा असे सांगितले, पण पूजेच्या भोजनात सहभागी होण्यास मनाई केली. म्हणून तुम्ही आणि यजमान बसून एक निर्णय घ्या. घ्यायचा नाही असे ठरल्यास तिने हात जोडून, हसून, कोणतेही भाष्य न करता ‘नको’ म्हणावे. शेजारच्या काकू तेवढे समजून घेतील.

आता तुमच्या स्वतःविषयी. अराम देशाचा सेनापती नामान कुष्ठरोगातून बरा झाल्यावर अलीशा संदेष्ट्याला म्हणाला की, यापुढे मी परमेश्वराशिवाय कोणालाही यज्ञ करणार नाही. पण माझा राजा माझ्या हाताचा आधार घेऊन रिम्मोनाच्या देवळात नमन करतो, तेव्हा मलाही वाकावे लागते, त्याची मला क्षमा व्हावी. अलीशाने त्याला प्रवचन दिले नाही. ‘शांतीने जा’ एवढेच तो म्हणाला. आणि तो तर खरोखर परक्या दैवताच्या देवळात उभा राहणार होता. तुम्ही, भगिनी, येशूच्या नावाने प्रार्थना करणाऱ्या घरात उभ्या आहात. मागे उभे राहून तुम्ही काहीही चुकीचे करत नाही. गुडघे टेकावेसे वाटले, तर देवापुढे टेका, आणि त्या वेळी आपले मन कोणाकडे आहे हे स्वतःशी स्पष्ट ठेवा. मूर्तीला हार घालणे किंवा तिचे चुंबन घेणे तुमच्या मनाला पटत नसेल, तर ते केवळ सासरच्यांना बरे वाटावे म्हणून करू नका. जे विश्वासाने होत नाही ते पाप, असे रोमकरांच्या १४व्या अध्यायात म्हटले आहे, आणि सासूबाईंची प्रार्थना तोडण्याइतकेच तुमच्या विवेकाला दडपणेही गैर आहे. हे सासूबाईंना एकदा शांतपणे, त्यांच्याजवळ बसून सांगा. इतकी वर्षे तुम्ही मागे उभ्या का राहता, हे त्यांनी कधी विचारले नसेल, पण त्यांच्या लक्षात आलेच नसेल असे मला वाटत नाही. मारियामातेची मूर्ती त्यांच्या मनात काय आठवून देते, हेही त्यांना विचारा.

मुलीला सांगा की आजी मूर्तीची नव्हे, देवाची प्रार्थना करते, आणि मूर्ती पाहून तिला येशू आणि त्याची आई आठवते. नगरच्या आजीला काहीही न ठेवता प्रार्थना करायला आवडते, कारण देव कोणत्याही वस्तूत मावत नाही. दोन्ही वाक्ये खरी आहेत, आणि सहा-सात वर्षांच्या मुलीला एवढे पुरे. ती मोठी होऊन अधिक विचारील, तेव्हा पितळेच्या सापाची गोष्ट तिला पूर्ण वाचून दाखवा.

आईंशी मात्र पुढच्या भेटीपूर्वी फोनवर बोला. त्यांची श्रद्धा तुम्ही टाकलेली नाही, हे आधी सांगा, कारण त्यांच्या रागाच्या मुळाशी ती भीती असण्याचा संभव आहे. त्यानंतर स्पष्टपणे एक विनंती करा. या विषयावर तुमच्याशी, यजमानांशी, हवे तर धर्मग्रामातील फादरांशीही त्यांनी मनसोक्त वाद घालावा, पण मुलीसमोर तिच्या दुसऱ्या आजीविषयी बोलू नये. रोजरीच्या वेळी बैठकीच्या खोलीत बसणे त्यांना जड जात असेल, तर आतल्या खोलीत त्यांनी आपले स्तोत्र वाचावे. सासूबाईंना तुम्ही आधी सांगून ठेवलेत, तर त्यांनाही त्यात अपमान वाटणार नाही.